तीन फाइली, एक रान

(दृश्य: दूधसागरचा घाट, पावसाळा. मालगाडी हळूहळू चढते आहे.)

ही गाडी नीट पाहा. पुढे इंजिन आहे आणि मागेही आहे. कुळे ते कॅसलरॉक हा चढच असा आहे की 37 मीटर पुढे सरकावं तेव्हा 1 मीटर वर जाता येतं. मागून ढकलणारी इंजिनं नसतील, तर भरलेली मालगाडी इथून वर जात नाही. हा मार्ग 1880 च्या दशकातला, पोर्तुगीज अमदानीतला. मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा आज याच रुळांवरून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो.

आणि दोन्ही बाजूंचं हे रान म्हणजे मोले. भगवान महावीर अभयारण्य आणि त्याच्या पोटातलं राष्ट्रीय उद्यान मिळून 240 चौरस किलोमीटर. उत्तरेला म्हादई, दक्षिणेला नेत्रावळी आणि सीमेपलीकडे काळी व्याघ्र प्रकल्प. गवा आणि शेकरू इथले कायमचे रहिवासी. वाघाला राज्याची सीमा ठाऊक नसते, त्यामुळे तोही येतो-जातो. पणजीतल्या माणसाला एवढ्या लांबच्या रानाचं काय, असं कोणी विचारलंच तर त्याला त्याच्या घरातला नळ दाखवावा. दूधसागरचं पाणी खांडेपार नदीला मिळतं, आणि त्या नदीवरच्या ओपा इथून ते फोंडा नि तिसवाडी तालुक्यांना जातं.

(दृश्य: नकाशा. एकेक रेघ उमटत जाते.)

या रानातून तीन रेघा जाणार होत्या. पहिली, रेल्वेचा दुसरा रूळ. दुसरी, पणजीहून अनमोड घाटाने बेळगावकडे जाणारा महामार्ग चौपदरी करण्याची. तिसरी, गोव्यात वीज आणणाऱ्या गोवा-तम्नार प्रकल्पाची 400 केव्हीची (किलोव्होल्टची) वीजवाहिनी. रेल्वेला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीची मंजुरी मिळाली डिसेंबर 2019 मध्ये. उरलेल्या दोघांना मिळाली एप्रिल 2020 मध्ये, व्हिडिओ कॉन्फरन्सवर. तेव्हा लॉकडाऊन होता. माणसं दूध आणायला बाहेर पडायलाही बिचकत होती.

खरी मेख इथे आहे. प्रत्येक प्रकल्पाची फाइल वेगळी. रेल्वेची फाइल रेल्वेपुरतंच बोलते, विजेची विजेपुरतं. तिन्ही मिळून एकाच रानाचं काय होणार, हे एकाही फाइलमध्ये कोणी विचारलेलं नव्हतं. साधारण 59 हजार झाडं पडणार, हा आकडासुद्धा तिन्हींची बेरीज केल्यावरच दिसतो.

ती बेरीज लोकांनी केली. घरात अडकलेले विद्यार्थी, वकील, वास्तुरचनाकार, वनस्पतींचे अभ्यासक शेकडो पानांचे अहवाल उघडून बसले. 'आमचें मोलें' या चळवळीचं नाव तिथून पुढे आलं. जून 2020 मध्ये सुमारे दीडशे शास्त्रज्ञांनी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांना पत्र लिहिलं. चित्रकारांनी मोलेतले प्राणी, झाडं, अळंबी रेखाटली आणि ती चित्रं फोनाफोनांतून फिरली. चित्रं काढून प्रकल्प थांबत नाहीत, असं म्हणणारेही होते. त्यांचं अगदीच चूक नव्हतं, पण मोले कुठे आहे हे ज्यांना माहीत नव्हतं त्यांना ते या चित्रांमुळेच कळलं.

(दृश्य: चांदर, रात्र. फाटकाजवळ गर्दी. मेणबत्त्या.)

1 नोव्हेंबर 2020. चांदर गाव. दुसऱ्या रुळाच्या कामासाठी मध्यरात्रीनंतर रेल्वे फाटक बंद ठेवायचं ठरलं होतं. गावकरी रात्रीच रुळांकडे निघाले, आजूबाजूच्या गावांतूनही माणसं आली आणि बघता बघता हजारोंची गर्दी झाली. म्हातारी माणसं होती, पोरं होती, कॉलेजातली मुलं होती. कोंकणी गाणी चालली होती. 'गोंयांत कोळसो नाका', म्हणजे गोव्यात कोळसा नको, ही घोषणा तर गोव्यात आधीपासूनच घुमत होती, कारण रुळांकाठच्या घरांना कोळशाची धूळ नवी नाही. पहाटेपर्यंत लोक हलले नाहीत. पुढे काही जणांवर गुन्हे दाखल झाले. चांदर काही जंगलात नाही, मोलेपासून बरंच अलीकडे आहे. पण रूळ तोच. दारातली धूळ आणि घाटातली झाडं या दोन गोष्टी त्या रात्री एकत्र आल्या, आणि माझ्या मते आंदोलनाला खरी ताकद मिळाली ती तिथे.

कोर्टाची लढाई गोवा फाउंडेशन या पर्यावरण संस्थेने लढवली. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने, म्हणजे सीईसीने, पाहणी करून एप्रिल 2021 मध्ये अहवाल दिला. त्यातला रेल्वेबद्दलचा मुद्दा त्या ढकलणाऱ्या इंजिनांपाशीच येतो. देशातल्या रेल्वेचा हा सर्वांत अकार्यक्षम टप्पा, दुसरा रूळ टाकून त्याची क्षमता थोडीशीच वाढणार, आणि त्यासाठी पश्चिम घाटाचा हा नाजूक पट्टा मोडायचा, याचं समर्थन होऊ शकत नाही, असं समितीने लिहिलं. 9 मे 2022 रोजी न्यायालयाने वन्यजीव मंडळाची ती मंजुरी रद्द केली. वीजवाहिनीबाबत त्याआधी महिनाभर निर्णय झाला होता: रानातून नवा पट्टा तोडू नका, आधीच्या 220 केव्ही वाहिनीचा मार्ग वापरा. महामार्गाची फाइल वेगळ्या वाटेने गेली, ती कथा इथे मावणार नाही.

(दृश्य: वेळसांव. घराच्या अंगणापलीकडे रूळ.)

न्यायालयाने रेल्वेला दार कायमचं बंद केलेलं नाही. जैवविविधतेचा सविस्तर अभ्यास करून नव्याने अर्ज करता येईल, असं निकालातच आहे. अभयारण्याबाहेर दुसऱ्या रुळाचं काम चालूच राहिलं. वेळसांव भागातले गावकरी, ज्यांच्या अंगणाला रूळ खेटून जातो, ते निकालानंतरही विरोधात उभे राहिले. जुलै 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई, मोले आणि लगतच्या अभयारण्यांचा व्याघ्र प्रकल्प तीन महिन्यांत अधिसूचित करा, असा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. म्हणजे मोलेवर आता चौथी फाइल आहे, आणि ती वाचायला बसलेली माणसं बरीचशी तीच आहेत.