उंची सहा फूट असेल, तर ड्रायव्हर किती इंचांचा?

नमस्कार. आजचा प्रश्न नेहमीचाच आहे: गोल्फमध्ये आपल्या उंचीला ड्रायव्हरचा, म्हणजे दूरच्या फटक्यासाठीच्या सर्वांत लांब क्लबचा (काठीचा), शाफ्ट म्हणजे दांडा किती लांब असावा? उत्तराकडे वळण्यापूर्वी तीन खेळाडूंची मापे शेजारी शेजारी ठेवतो. टायगर वुड्स यांची उंची ६ फूट १ इंच आहे. कारकिर्दीच्या सुरुवातीच्या ज्या वर्षांत त्यांनी एकामागून एक मोठ्या स्पर्धा जिंकल्या, त्या वर्षांत त्यांचा ड्रायव्हर पोलादी शाफ्टचा आणि सुमारे ४३.५ इंचांचा होता. रिकी फाउलर त्यांच्याहून चार इंचांनी कमी उंचीचे, पण २०१७ च्या सुमारास त्यांनी आपला ड्रायव्हर आखूड करून घेतला तोही ४३.५ इंचांवरच. फिल मिकेलसन यांची उंची ६ फूट ३ इंच. २०२१ साली वयाच्या ५० व्या वर्षी त्यांनी पीजीए चॅम्पियनशिप ही मोठी स्पर्धा जिंकली, तेव्हा त्यांच्या हातात जवळपास ४८ इंचांचा ड्रायव्हर होता. म्हणजे चार इंचांचा फरक असलेल्या दोघांचा ड्रायव्हर सारखाच, आणि दोन इंचांचा फरक असलेल्या दोघांच्या ड्रायव्हरमध्ये साडेचार इंचांचे अंतर. उंचीवरून थेट लांबी काढून देणारे साधे गणित असते, तर हे घडले नसते.

आधी एक शब्द स्पष्ट करतो. बोलताना आपण ‘शाफ्टची लांबी’ म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा आपल्याला संपूर्ण क्लबची लांबी अभिप्रेत असते, आणि या व्हिडिओतही मी त्याच अर्थाने बोलणार आहे. घरी ती मोजायची असेल, तर क्लब फटक्याच्या स्थितीत जमिनीवर टेकवा आणि मोजपट्टी हेडच्या (क्लबच्या खालच्या जाड भागाच्या) टाचेच्या, म्हणजे शाफ्टकडच्या बाजूने, शाफ्टच्या मागून, जमिनीपासून ग्रिपच्या (मुठीच्या) टोपीपर्यंत धरा. नियमांनुसार मोजताना क्लबचा तळ ६० अंशांत कललेल्या पृष्ठभागाला टेकवला जातो. घरच्या मोजणीत त्यामुळे थोडा फरक पडेल, पण आपल्या कामाला ती पुरेशी आहे.

(मोजपट्टी हातात घेऊन)

आता उंचीकडे येऊ. उंची आपण डोक्याच्या टाळूपासून मोजतो, परंतु क्लब आपण टाळूने धरत नाही. क्लबच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हातांचे जमिनीपासूनचे अंतर, आणि उंच माणसाचे खांदे जितके वर असतात तितकेच त्याचे हातही बहुधा लांब असल्यामुळे हे अंतर उंचीच्या मानाने फारच कमी बदलते. म्हणून क्लबफिटर, म्हणजे खेळाडूच्या मापाचा क्लब ठरवून देणारे, मनगटापासून जमिनीपर्यंतचे माप घेतात. खेळताना वापरता ते बूट घालून सरळ उभे राहा, खांदे सैल सोडा, हात बाजूला लोंबू द्या, आणि मनगट व तळहात जिथे मिळतात त्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर दुसऱ्या कोणालातरी मोजायला सांगा. स्वतः मोजू नका. वाकून पाहिले की खांदा खाली येतो आणि माप एखाद्या इंचाने सहज चुकते.

फिटिंगमध्ये प्रचलित असलेल्या एका तक्त्यानुसार हे माप ३४ ते ३६ इंच असेल तर ४३.५ इंचांच्या ड्रायव्हरपासून सुरुवात करावी, ३६ ते ३७ असेल तर ४४ इंचांपासून, आणि ४२ च्याही वर असेल तर ४६ इंचांपासून. या आकड्यांतली एक गोष्ट लक्ष देण्यासारखी आहे. मनगटाचे माप आठ इंचांनी वाढले, तरी ड्रायव्हरची लांबी वाढते ती जेमतेम अडीच इंचांनी. दुसरी गोष्ट मला अधिक बोलकी वाटते: दुकानात पुरुषांसाठी ठेवलेले बहुतेक ड्रायव्हर ४५.५ इंचांच्या आसपास असतात, आणि या तक्त्यात त्या लांबीपर्यंत पोहोचायला मनगटाचे माप ४१ ते ४२ इंच लागते. अशी देहयष्टी सहा फूट उंचीच्या माणसाचीही सहसा नसते. थोडक्यात, दुकानातला ड्रायव्हर उंच खेळाडूलासुद्धा बहुधा लांबच पडतो.

मग तो इतका लांब का बनवला जातो? पूर्वी लाकडी हेड आणि पोलादी शाफ्टच्या काळात ४३ ते ४३.५ इंच ही रूढ लांबी होती. पोलादी शाफ्टचे वजन १२० ग्रॅमच्या घरात असे. ग्रॅफाइटचा शाफ्ट आला तसे ते निम्म्यावर, काही वेळा त्याहूनही खाली आले, आणि वजन कमी झाल्यामुळे लांबी वाढवण्यास वाव मिळाला. लांब क्लबचे टोक मोठ्या वर्तुळात फिरते, म्हणून त्याचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की चेंडू दूर जातो. हा तर्क चुकीचा नाही, मात्र तो अपुरा आहे, आणि त्याचा अपुरेपणा थोड्या हिशोबाने दिसतो.

पुढच्या हाताची लांबी साधारण २४ इंच आणि क्लब ४५ इंचांचा धरला, तर खांद्यापासून हेडपर्यंतचे अंतर ६९ इंचांच्या जवळ येते. त्यात एक इंच वाढवला म्हणजे सुमारे दीड टक्का वाढ झाली. हेडचा वेग ताशी १०० मैल असेल, तर हाती येणारा फायदा फार तर ताशी दीड मैलाचा, आणि तोही लांब झालेला क्लब तुम्ही पूर्वीच्याच गतीने फिरवू शकलात तर. प्रत्यक्षात लांब क्लब फिरवायला जड जातो, त्यामुळे या दीड मैलातलाही काही भाग वाटेतच गळतो.

दुसऱ्या पारड्यात काय आहे ते पाहा. आदळण्याच्या क्षणी चेंडू फेसला, म्हणजे हेडच्या चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाला, जेमतेम अर्धा मिलिसेकंद चिकटलेला असतो. चेंडूचा वेग आणि हेडचा वेग यांचे गुणोत्तर चांगल्या फटक्यात १.५ च्या जवळ जाते, परंतु त्यासाठी चेंडू फेसच्या मध्याजवळ लागावा लागतो. तो टाचेकडे किंवा टोकाकडे, म्हणजे फेसच्या शाफ्टपासून दूरच्या बाजूला, सरकला की हेड चेंडूभोवती किंचित वळते, हे गुणोत्तर खाली येते आणि दीड मैलाची कमाई एका चुकार फटक्यात बुडते. शिवाय टोकाकडे लागलेला चेंडू एका बाजूला वळतो आणि टाचेकडे लागलेला दुसऱ्या बाजूला. फेसची दिशा एका अंशाने चुकली, तरी चेंडू वळण्याचा विचार न करताही २५० यार्डांवर तो चार यार्डांहून अधिक बाजूला पडतो. हात आणि हेड यांच्यातले अंतर जितके अधिक, तितके फेसला वेळेवर सरळ आणणे कठीण. मी स्वतः उंच असल्यामुळे कित्येक वर्षे ४६ इंचांचा ड्रायव्हर मोठ्या विश्वासाने वापरला, आणि माझे बहुतेक चेंडू फेअरवेच्या (मैदानाच्या छाटलेल्या पट्ट्याच्या) दोन्ही बाजूंच्या गवतातून शोधून काढावे लागत. एखादा चेंडू मात्र असा सुरेख जाई की त्याच्या आठवणीवर पुढचा महिना निघे. लांब ड्रायव्हरचे हे आमिष फार जुने आहे.

म्हणून माझे मत असे की मनगटाच्या मापाने सुरुवात करावी आणि निर्णय मात्र फेसवरच्या खुणांवर सोपवावा. कोणतेही मूल्यमापन यंत्र नसले तरी हे करता येते.

(फेसवर पांढरी पावडर फवारताना)

पायांसाठी मिळणारी पांढरी पावडर, फवाऱ्याची, फेसवर हलकीशी मारा. त्यावर चेंडूची खूण स्वच्छ उमटते. ड्रायव्हर नेहमीसारखा, पूर्ण लांबीवर धरून दहा चेंडू मारा आणि प्रत्येक फटक्यानंतर खुणेची जागा कागदावर टिपून फेस पुसा. मग हात ग्रिपवर अर्धा इंच खाली घ्या आणि आणखी दहा चेंडू मारा, त्यानंतर एक इंच खाली आणि पुन्हा दहा. कागदावरचे तीन पुंजके शेजारी पाहिले की कोणता सर्वांत आटोपशीर आहे ते सांगायला कोणाचीही गरज उरत नाही. मात्र दहापैकी सर्वांत लांब गेलेल्या एका चेंडूकडे पाहून निवड करू नका; दहा चेंडूंच्या सरासरी अंतराकडे आणि पसाऱ्याकडे पाहा. ज्या लांबीपलीकडे पुंजका फुटू लागतो, त्याच्या अलीकडची सर्वांत मोठी लांबी तुमची. ही चाचणी एका दिवसावर सोडू नये, कारण थकलेल्या हातांचा पुंजका वेगळा असतो.

उंचीचा थेट विचार दोन ठिकाणी मात्र करावाच लागतो. खेळाडू फार उंच आणि हात त्या मानाने आखूड असतील, तर आखूड क्लबपाशी पोहोचण्यासाठी त्याला कमरेतून इतके वाकावे लागते की पाठ तक्रार करू लागते. अशा खेळाडूने ४५.५ किंवा ४६ इंचांचा क्लब घेण्यात काहीही गैर नाही. याउलट, कमी उंचीचा खेळाडू लांब क्लबमुळे चेंडूपासून दूर उभा राहतो, त्याचा स्विंग, म्हणजे क्लब फिरवण्याची वाट, आडवा होतो आणि तोल पंजांवर जातो. लहान मुलांच्या बाबतीत मोठ्यांचा ड्रायव्हर कापून देण्याचा मोह टाळावा, कारण सुमारे २०० ग्रॅमचे हेड आणि कापल्याने अधिक ताठ झालेला शाफ्ट त्यांच्या हातांना पेलत नाही.

नियमांबाबत थोडेच सांगतो. पटर (चेंडू हळूच खळग्यात ढकलण्याचा क्लब) वगळता कोणताही क्लब ४८ इंचांहून लांब असू शकत नाही. जानेवारी २०२२ पासून स्पर्धेच्या समितीला ही मर्यादा ४६ इंचांवर आणणारा स्थानिक नियम लागू करता येतो. तो वरच्या दर्जाच्या स्पर्धांसाठी आहे आणि पीजीए टूर या अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धामालिकेने तो स्वीकारला आहे.

आता कापण्याविषयी, कारण नेमके इथेच घाई होते. चाचणीत एक इंच खाली धरल्याने फायदा झाला, म्हणून लगेच करवत हाती घेऊ नका. काही आठवडे तसेच खाली धरून खेळा, कारण त्याला काहीच खर्च नाही आणि ते नियमांतही बसते. कापायचेच ठरले, तर शाफ्ट ग्रिपच्या टोकाकडून कापला जातो. हेडकडच्या टोकाला हात लावल्यास त्याचा ताठपणा बराच बदलतो. अर्धा इंच कापल्यावर स्विंगवेट, म्हणजे फिरवताना हेड किती जड भासते त्याचे माप, साधारण तीन अंकांनी उतरते, म्हणजे हेड हातात हलके, जवळजवळ हरवल्यासारखे भासते. हेडवर दोन ग्रॅम वजन वाढवले की सुमारे एक अंक परत मिळतो, तेव्हा अर्ध्या इंचासाठी सहा ग्रॅम आणि एका इंचासाठी बारा ग्रॅम, असा अंदाज ठेवा. ज्या हेडमध्ये बदलता येणारे स्क्रू असतात तिथे जड स्क्रू बसवता येतो, नसतील तिथे तळाला शिशाची पट्टी चिकटवता येते. हे सहा ग्रॅम एकदम लावू नका. दोन ग्रॅम लावा, दहा चेंडू मारा, पावडरवरचा पुंजका पाहा आणि मग पुढचे दोन ग्रॅम लावायचे की नाही ते ठरवा.