मावशीची वही आणि ९४ चा आकडा

नमस्कार मंडळी. घरातलं नेट स्लो का चालतं यावर आज बोलायचंय, आणि आधीच सांगून टाकतो की यातला निम्मा वेळ माझ्या मावशीची वही खाणार आहे, कारण नेटचा विषय निघाला आणि ती गोष्ट मी सांगितली नाही असं आजवर झालेलं नाही.

पण त्याआधी एक छोटा हिशोब, नाहीतर मावशीचे आकडे डोक्यावरून जातील. १०० चा प्लॅन म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट. तुम्ही एखादी मोठी फाईल डाउनलोड करता तेव्हा स्क्रीनवर जो स्पीड दिसतो तो बऱ्याचदा मेगाबाइटमध्ये असतो, आणि ८ बिट मिळून १ बाइट होतो. म्हणजे १०० भागिले ८, साडेबारा. तिथे बारा-साडेबारा दिसलं की समजायचं नेट पूर्ण जोरात चाललंय, कोणी फसवलेलं नाही. परत सांगतो, आठने भागायचं. आता बिट आणि बाइट दोन्ही इंग्रजी 'बी' या एकाच अक्षराने लिहायचे, फक्त एक छोटं आणि एक मोठं, ही अक्कल कोणाची होती देव जाणे, माझं तर म्हणणं आहे की असल्या गोष्टींना नावं देताना खोलीत एक तरी शाळेतल्या बाई बसवाव्यात. असो.

तर मावशी. मावशी गणिताच्या बाई होत्या, आता रिटायर आहे, पण लिहून ठेवायची सवय गेलेली नाही. दूध, गॅस, लाइटचं मीटर, सगळ्याच्या वह्या आहेत. तिच्याकडे आधी १०० चा प्लॅन होता, व्हिडिओ कॉल अडकायला लागले म्हणून ३०० चा घेतला, आणि फरक शून्य. तिने कंपनीला फोन केला तर म्हणाले राउटर बंद करून चालू करा. केला. परत फोन, मग माणूस आला, राउटर बदलून गेला. तरी तेच. तिसऱ्या वेळी सांगितलं की मॅडम तुमचे मोबाईल जुने झालेत. हे मात्र मावशीला लागलं, आणि तिने मला बोलावलं.

मी गेलो, आणि गेल्या गेल्या शहाणपणा सुरू केला. राउटर टीव्हीच्या मागे होता तो काढून उंच ठेवला, वायफायचे दोन पट्टे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, तर फोन २.४ वरून ५ वर घेतला, पट्ट्यातली लेन म्हणजे चॅनेल बदलला, घरात कोण कोण काय बघतंय ते बंद करायला लावलं, अर्धा दिवस नुसता नाच. दर वेळी स्पीड टेस्ट मारायची आणि दर वेळी ९४. मी म्हटलं, ''मावशी, नक्की कंपनीचाच घोळ आहे, लाईनच भरलेली असणार.'' ती काही बोलली नाही, आत गेली आणि वही घेऊन आली. तीन महिन्यांची नोंद होती मंडळी. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ, रेघा मारून तक्ता. आणि आकडे कसले? ९४, ९३, ९४, ९४, ९३, ९४. पानंच्या पानं.

''अरे,'' मावशी म्हणाली, ''गर्दी असेल तर रात्री कमी नको का व्हायला?''

खरं सांगतो, लाज वाटली. कारण लाईनवर गर्दी असली की रात्री आकडा पडतो आणि पहाटे चढतो. वायफायचा दोष असला की या खोलीत १५०, त्या खोलीत ४०, दार लावलं की अजून कमी. आकडा हलतो, सतत हलतो. इथे तीन महिने काटा एकाच जागी खिळलेला होता, आणि ९४ हा काही कुठलाही आकडा नाही. राउटरला खोचतात ती लॅन वायर १०० वर चालत असली ना, की तिच्यातून जाणाऱ्या डेटाच्या प्रत्येक पुडक्यावर पत्ता-बित्ता लिहिलेला असतो, त्यात पाच-सहा टक्के जातात, आणि हातात उरतात ते हेच, ९४ च्या आसपास. म्हणजे लाईन ३०० ची, राउटर नवा कोरा, आणि मधे कुठेतरी १०० चा बोळ.

कंपनीची फायबरची लाईन घरात जिथे येते त्या डब्यातून राउटरकडे एक वीतभर वायर जात होती. राउटर बदलणाऱ्या माणसाने नवा राउटर बसवला, पण वायर जुनीच खोचली. ती काढली. टोकाला पारदर्शक प्लास्टिकची क्लिप असते ती उजेडात धरली, आत आठ बारीक रंगीत तारा एका रांगेत दिसायला हव्यात. सात होत्या. आठवी, चॉकलेटी रंगाची, मागेच तुटून राहिली होती. गंमत अशी की १०० च्या स्पीडला आठपैकी चारच तारा लागतात, त्यामुळे नेट बंद पडत नाही, कुठे एरर येत नाही, लाइट लुकलुकत राहतात. त्याच्या वर, १००० ला जायचं तर आठही लागतात. एक तार कमी पडली की दोन्हीकडची यंत्रं गुपचूप १०० वर समझोता करतात आणि तुम्हाला कळवतही नाहीत. आठ महिने मावशी ३०० चं बिल भरत होती.

माझ्या बॅगेत एक लॅन वायर होती, ती लावली. २८७. मावशीने घड्याळ बघून वेळ लिहिली, आकडा लिहिला, मग मला म्हणाली चहा घे.

तेव्हा मंडळी, आधी मोजा. वेगवेगळ्या वेळी मोजा, आणि शक्य असेल तर लॅपटॉपला थेट वायर लावून मोजा. वायरवर स्पीड येतोय आणि वायफायवर नाही, तर दोष घरात आहे. वायरवरही येत नाही, तर डब्यातून राउटरकडे जाणारी वायर बदलून बघा, आणि मगच कंपनीशी भांडा. परत सांगतो, आधी मोजा, मग वायर, मग भांडण.

बाकीचं पटापट सांगतो, वेळ होत आली. राउटर घराच्या मध्यात, उघड्यावर, उंच. लोखंडी कपाटात नको, आरशामागे नको, फिशटँकजवळ तर नकोच, पाणी सिग्नल पितं. आणि त्याच्यावर विणलेलं कव्हर घालणाऱ्यांनो, तो काय थंडीने कुडकुडतोय का? त्याला हवा लागू दे. ५ गिगाहर्ट्झ जवळून पळतं पण भिंतीत दमतं, २.४ लांब जातं पण तिथे शेजाऱ्यांची गर्दी आणि तुमचा मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात लुडबुडतो. २.४ वरच राहायचं असेल तर चॅनेल १, ६ किंवा ११ ठेवा, हे तीन एकमेकांच्या पायात येत नाहीत. कोणाचा फोन ढीगभर फोटो वर चढवत असेल तर बाकीच्यांचं नेट अडखळतं, कारण अपलोड भरलं की डाउनलोडची पोचही अडकते, ते बॅकअप रात्री झोपताना लावा. आणि स्वस्तातला रिपीटर, म्हणजे वायफाय पुढच्या खोलीत पोचवणारा डबा, घ्यायच्या आधी दहादा विचार करा, तो एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि बोलतो, म्हणजे स्पीड जवळपास निम्मा.

मावशीची वही अजून चालू आहे. परवाच फोन आला, ''२८७ चं २७९ झालंय, कधी येतोस?''