दारावरची थाप

(दृश्य: समुद्राकाठची गल्ली, भिंतींना टेकवलेल्या सायकली, विद्यार्थ्यांची भाड्याची घरं.)

कॅलिफोर्नियातलं आयला व्हिस्टा. विद्यापीठाला लागून असलेली वस्ती. ३० एप्रिल २०१४ च्या रात्री इथल्या एका दारावर पोलिसांची थाप पडली. आत राहणाऱ्या २२ वर्षांच्या मुलाचे इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून त्याच्या आईच्या पोटात गोळा आला होता. मुलगा दारात आला, अदबीनं बोलला, सगळं ठीक आहे म्हणाला. दहाएक मिनिटांत पोलीस परत फिरले.

आतल्या खोलीत तीन पिस्तुलं होती. रीतसर विकत घेतलेली.

२३ मे रोजी त्यानं सहा विद्यार्थ्यांचे जीव घेतले. तिघांचे चाकूनं, तिघांचे गोळ्या घालून.

त्याला ताब्यात घ्यावं असं पोलिसांना त्या रात्री काही दिसलं नाही. आणि माणसाला ताब्यात न घेता नुसत्या बंदुका काढून घ्यायच्या, तर तशी वाट तेव्हा कॅलिफोर्नियाच्या कायद्यात घरच्यांसाठी नव्हती. त्याच वर्षी तिथल्या विधिमंडळानं ती केली.

(दृश्य: न्यायालयाचा कॉरिडॉर. बाकावर कागद घेऊन बसलेली बाई.)

या कायद्यांना अमेरिकेत ‘रेड फ्लॅग लॉ’ म्हणतात. पहिला कनेटिकटचा, १९९९ चा. कॅलिफोर्नियात आई, बाप, बायको, भाऊ थेट कोर्टात अर्ज करू शकतात. न्यायाधीशाला धोका पटला, तर २१ दिवसांचा तात्पुरता हुकूम निघतो. मग सुनावणी. तिथं समोरच्यालाही आपली बाजू मांडता येते. फ्लोरिडात २०१८ मध्ये पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेले. तीनेक आठवड्यांत तिथंही कायदा झाला, पण अर्ज फक्त पोलीसच करू शकतात.

आपल्याकडे निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करून घेतात. तिकडे बंदूक बाळगणं हा १७९१ पासून घटनेनं दिलेला हक्क आहे. त्यामुळे समोरच्याचं ऐकण्याआधीच हुकूम कसा काढता, हा तिथल्या लोकांचा सवाल खरा आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये मेरीलँडमध्ये असाच हुकूम बजावायला पोलीस पहाटे पाचच्या सुमारास एका घरी गेले. तो माणूस हातात बंदूक घेऊन दारात आला, झटापट झाली आणि पोलिसांच्या गोळीनं तो गेला. हे मला विसरता येत नाही.

तरीही मला हा कायदा हवासा वाटतो, आणि त्याचं मोठं कारण सामूहिक गोळीबार हे नाही. अमेरिकेत बंदुकीनं जाणाऱ्या जिवांत निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. मनाची ती काळी वेळ बहुतेकदा सरते. त्या वेळी हाताशी बंदूक नसेल, तर माणूस वाचण्याची शक्यता कितीतरी वाढते. आणि ती वेळ सगळ्यात आधी कळते घरातल्यांना.

(दृश्य: मेन राज्य. पानगळ, लाकडी घरं, बंद दार.)

मे २०२३. मेनमध्ये एका सैनिकाच्या घटस्फोटित बायकोनं आणि मुलानं पोलिसांना सांगितलं, की त्याला भास होताहेत, आणि त्याच्याकडे बंदुका आहेत. घरच्यांनी थेट कोर्टात जायची सोय तिथं नव्हती. सप्टेंबरमध्ये एक पोलीस अधिकारी त्याच्या दारापर्यंत गेला. थाप दिली. दार उघडलं नाही. अधिकारी परतला.

२५ ऑक्टोबरला लुइस्टन शहरात १८ माणसं मारली गेली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मेनच्या मतदारांनी कौल दिला: घरच्यांना आता थेट कोर्टाचं दार ठोठावता येईल.