चित्र नुसतं छान असून भागत नाही

नमस्कार मंडळी. आज रेडिओवर बसून चित्रांबद्दल बोलायचंय, म्हणजे तुम्हाला दिसणार काहीच नाही, पण ज्या चित्रांबद्दल बोलणार आहे त्यातली बरीचशी तुम्ही आधीच पाहिलेली आहेत, त्यामुळे काळजी नको. ग्राफिक डिझाइनचं शिक्षण, म्हणजे आपल्याकडे ज्याला उपयोजित कला किंवा नुसतं अप्लाइड म्हणतात, तिथे चित्रांचा वापर म्हणून नेमकं काय शिकवतात, हा आजचा विषय.

आईवडिलांचा प्रश्न ठरलेला असतो. पोरीचा हात चांगला आहे, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ए ग्रेड आहे, फोटोशॉप यूट्यूबवर बघून येतंच आणि आता तर एआयला सांगितलं की चित्र तयार, मग बीएफएची, म्हणजे कलेच्या पदवीची, चार वर्षं कशाला घालवायची? प्रश्न रास्त आहे. पण हात सुधारणं हा त्या चार वर्षांतला सोपा भाग झाला. अवघड आहे ते समोरच्या माणसाच्या डोक्यात आधीपासून काय बसलंय हे ओळखणं, आणि त्याला धरून चित्र ठरवणं.

निवडणुकीचीच चिन्हं घ्या. १९५१ च्या जनगणनेत देशात लिहिता-वाचता येणारे शंभरात १८ च्या आसपास, आणि १९५१-५२ ला पहिली निवडणूक घ्यायची होती. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायची भानगडच नव्हती, प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चिन्ह लावलेलं, बैलजोडी, पणती, कणीस-विळा असं काहीतरी, आणि आपली चिठ्ठी आपल्या पेटीत टाकायची, झालं मतदान. पुढे निवडणूक आयोगात एम. एस. सेठी नावाचे ड्राफ्ट्समन होते, ते १९९२ ला निवृत्त झाले, आजही वापरात असलेली कितीतरी चिन्हं त्यांनी पेन्सिलीने काढलेली आहेत. कपबशी, शिलाई मशीन, शिट्टी असल्या रोजच्या वस्तू. बघायला अगदी साधं काम वाटतं ना? पण अटी बघा, काळ्या-पांढऱ्यात, नखाएवढ्या आकारात, हलक्या कागदावर, कुठल्याही जिल्ह्यातल्या माणसाला एका नजरेत कळलं पाहिजे आणि शेजारच्या चिन्हासारखं दिसता कामा नये. माझ्या मते अप्लाइडच्या पहिल्या वर्षाला यापेक्षा चांगलं असाइनमेंट नाही, आणि भलेभले त्यात अडकतात, कारण शेडिंग करून दाखवायची सवय सुटत नाही.

आणि हे जुनं झालं असं समजू नका. २०२४ च्या लोकसभेला आपल्याकडे काय झालं आठवा. राजकारण बाजूला ठेवू, फक्त चित्र बघू. एका पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि मोकळ्या, म्हणजे अपक्षांना वगैरे मिळणाऱ्या चिन्हांमधे एक ट्रंपेट, म्हणजे नुसतं वाद्य, त्याच्या नावापुढे मराठीत छापलेलं 'तुतारी'. प्रचारात सगळीकडे तुतारी तुतारी एवढंच ऐकलेलं, माणूस कोणाच्या लक्षात राहणार? पक्षाची तक्रार अशी की त्यांची मतं तिकडे गेली. विधानसभेच्या वेळी आयोगाने ट्रंपेट गोठवलं नाही, पण माणसाचं चित्र मशीनवर जास्त ठळक दिसेल असं बघायचं मान्य केलं. चित्र दोन, पण लोकांच्या तोंडी नाव एकच, मग चित्र कितीही वेगळं काढा, डोळा नावाच्या मागे जातो.

हेच रोलां बार्थ नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने १९६४ ला एका पास्त्याच्या जाहिरातीवरून सांगितलं होतं. पान्झानी नावाच्या कंपनीची जाहिरात, जाळीची पिशवी, तिच्यातून बाहेर डोकावणारे टोमॅटो, कांदे, सिमला मिरची, मशरूम आणि पास्त्याची पाकिटं. त्याचं म्हणणं, चित्राचे अर्थ दहा निघतात, त्यातला आपल्याला हवा तोच पक्का करायचं काम बाजूची अक्षरं करतात. आणि दुसरी गोष्ट त्याने दाखवली ती जास्त मजेशीर. त्या लाल-हिरव्या-पिवळ्या रंगांत फ्रेंच माणसाला लगेच इटली दिसते, खुद्द इटलीतल्या माणसाला मात्र त्यात इटली वगैरे फारशी जाणवणार नाही, त्याच्यासाठी तो रोजचा भाजीपाला!

आता आपल्याकडे या. गणपती आले, पाडवा आला की मोबाइल कंपनीपासून सोनारापर्यंत सगळ्यांच्या पोस्टरवर नथ, चंद्रकोर आणि पैठणीचा काठ. बाहेरून बघणाऱ्याला महाराष्ट्र दाखवायला ते ठीक आहे, पण साताऱ्यातल्या माणसाला साताऱ्यात दुकानाचं पोस्टर दाखवताना पुन्हा नथच? मुलांच्या सबमिशनमधे नथ दिसली की मी आधी विचारतो, हे कोण बघणारे? बऱ्याचदा उत्तर येतं, सर छान दिसतं.

याच्या उलट उदाहरण म्हणजे स्वच्छ भारतचा चष्मा. २०१४ ची गोष्ट, लोकांकडून डिझाइन मागवली होती, निवड झाली ती कोल्हापूरच्या अनंत खासबारदारांच्या डिझाइनची. गांधीजींचा चेहरा नाही, काठी नाही, चरखा नाही, नुसता गोल चष्मा, एका काचेत स्वच्छ, दुसऱ्या काचेत भारत आणि मधल्या दांडीला तिरंगा. एक वस्तू दाखवून अख्खा माणूस उभा केला. आणि वर असं वाटत राहतं की कोणीतरी आपल्याकडे बघतंय, कचरा टाकू का नको. नोटेच्या मागच्या बाजूला हे चिन्ह किती बारीक छापलंय बघा, तरी ओळखू येतं. पण हेच चित्र गांधीजी माहीत नसलेल्या कोणाला दाखवलं तर तो चष्म्याचं दुकान शोधेल, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

मग फोटो वापरायचा का चित्र काढायचं, हाही मोठा विषय आहे. फोटो म्हटलं की 'हे खरंच घडलं' असं वाटतं, म्हणून दुष्काळाच्या मदतीच्या पोस्टरला फोटो चालतो. पण त्यात एका खऱ्या माणसाचा चेहरा असतो, त्याला विचारलं होतं का, हेही वर्गात बोललं गेलं पाहिजे, दुर्दैवाने ते कमी बोललं जातं. रेखाचित्रात चेहरा कोणाचाच नसतो, म्हणून लाजिरवाण्या आजारांच्या माहितीपत्रकात तेच बरं पडतं. एआयचं म्हणाल तर त्याला आजवर हजारदा वापरलेलं चित्र चटकन देता येतं, शेतकरी म्हटलं की फेटा आणि सूर्यास्त. आपल्या शेतकऱ्याच्या हातात मोबाइल असतो आणि डोक्यावर कंपनीची फुकटची टोपी, हे एआयला सांगायला आधी आपण शेतावर जाऊन बघितलेलं पाहिजे.

बारावीनंतर ज्यांना इकडे यायचंय त्यांच्यासाठी, राज्याची कला प्रवेशाची सीईटी असते, तिच्यात स्थिरचित्र (समोरच्या वस्तू बघून काढायचं), संकल्पचित्र (डिझाइन), स्मरणचित्र (आठवून काढायचं) आणि सामान्यज्ञान. मुंबईच्या जेजे आर्ट कॉलेजसाठी झुंबड असते, पण बाकीच्या शहरांतली कॉलेजंही बघा. क्लासवाले स्मरणचित्राला तीच चार चित्रं घोटून घेतात, भाजीबाजार, बसस्टॉप, बाग आणि मिरवणूक, आणि मग सगळ्यांच्या पेपरात भाजीवाली त्याच कोपऱ्यात बसलेली. तुम्ही जरा तुमच्या गावचा बाजार काढा की, तिथे वजनकाटा आता डिजिटल असेल, पाटीवर क्यूआर कोड लटकत असेल. काढा तो पण.