लोकरीची बखर

[दृश्य: कापडावर भरलेलं जळतं घर. हळूहळू खाली, बाई आणि मुलाच्या हातांवर.]

घर पेटलंय. दोघं जण मशाली लावून ते पेटवतायत. खाली एक बाई, मुलाचा हात धरून बाहेर पडलेली. तिला नाव नाही. डोक्यावर लॅटिनमध्ये तीन शब्द: हिक दोमुस इन्केन्दितुर. इथे घर जाळलं जातंय.

साल १०६६. जाळणारे विल्यमचे लोक. हा फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा ड्यूक, इंग्लंडची गादी घ्यायला आलेला. घर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं.

[दृश्य: पूर्ण पट्टा, डावीकडून उजवीकडे.]

जवळजवळ सत्तर मीटर लांब आणि अर्धा मीटर उंच असं हे कापड. फ्रान्समधल्या बायो गावावरून त्याचं नाव पडलंय बायो टॅपेस्ट्री. यात माणसं सहाशेच्या वर, घोडे दोनशेच्या आसपास. मधल्या मुख्य पट्ट्यात बायका मात्र तीन. आणि हे सगळं ज्यांनी भरलं, त्या बहुधा बायकाच.

[क्लोजअप: ताणलेलं लिनन. सुई खालून वर येते.]

म्हणतात टॅपेस्ट्री, पण टॅपेस्ट्रीत चित्र मागावरच विणलं जातं. इथे विणून झालेल्या कापडावर सुईने भरलंय. जवसाच्या धाग्याचं लिनन आणि वर लोकर, एवढंच सामान. जरीची तार नाही, रेशीम नाही. बरंच झालं म्हणायचं. जरीची तार असती, तर कधीच कुणीतरी कापड जाळून सोनं काढून घेतलं असतं.

आधी स्टेम स्टिचने बाहेरची रेघ. मग आतली जागा भरायची. लोकरीचे धागे एकाला एक लागून पसरायचे, त्यांच्यावर थोड्या थोड्या अंतराने आडवे धागे घालायचे, आणि ते आडवे धागे बारीक टाक्यांनी कापडाला बांधून टाकायचे. बघा, सुई खाली जाते ती कडेलाच. म्हणजे जवळजवळ सगळी लोकर उजव्या बाजूला राहते, उलट बाजूला वाया जात नाही. असा काटकसरीचा टाका घरखर्च चालवणाऱ्या बाईलाच सुचावा.

[दृश्य: लोकरीच्या लडी, रंगाच्या भांड्यातून निघताना.]

रंग दहाएक, वनस्पती तीन. लाल येतो तो आपल्या मंजिष्ठेच्या युरोपातल्या बहिणीच्या मुळातून. पिवळा वेल्डमधून. निळा वोड नावाच्या रोपाच्या पानांतून; त्यातलं रंगद्रव्य आणि आपल्या निळीतलं, दोन्ही एकच. लड भांड्यातून निघते तेव्हा हिरवट असते. हवा लागली की डोळ्यांदेखत निळी होते.

[दृश्य: निळा घोडा. पाय.]

आता हा घोडा. निळा का, असं विचारायचं नाही. पाय बघा. अलीकडचे निळे, पलीकडचे दुसऱ्याच रंगाचे. छाया नाही, छटा नाही. रंग बदलला की पाय मागे गेला.

[दृश्य: पहिला सांधा. वरची किनार.]

नऊ तुकडे जोडून हे कापड झालंय. पहिला आणि दुसरा तुकडा जुळतो ती ही जागा. वरच्या किनारीची रेघ डावीकडून येते आणि उजवीकडच्या रेघेला भेटतच नाही, थोडी वरखाली होते. वेगवेगळ्या चौकटींवर, वेगवेगळ्या हातांनी काम चाललं होतं, त्याचा हा पुरावा. कुणीतरी कुणालातरी चांगलंच बोललं असणार, कारण पुढचे सांधे शोधावे लागतात.

[दृश्य: मेजवानी. मधोमध बिशप.]

बखर हातात घेतली की आपण आधी विचारतो, लिहवून कोणी घेतली? इथे फार शोधावं लागत नाही. जेवणाच्या पंगतीत मधोमध बसून अन्नाला आशीर्वाद देणारा हा बिशप ओडो. बायोचा बिशप आणि विल्यमचा सावत्र भाऊ. लढाईतही तो आहे, हातात सोटा घेऊन पोरांना धीर देतोय. ज्यांना दुसरं कुठलंही इतिहासाचं पुस्तक विचारणार नाही, असे वाडार्ड आणि विटाल हे दोघे इथे नावानिशी भरलेत. वीस वर्षांनी, १०८६च्या डूम्सडे या इंग्लंडमधल्या जमिनींच्या नोंदवहीत, याच नावांची माणसं ओडोच्या जमिनी धरून बसलेली सापडतात.

[दृश्य: शपथ. दोन पेट्यांवर दोन हात.]

हा हॅरल्ड, पुढे इंग्लंडचा राजा होणारा. दोन हात दोन पेट्यांवर. पेट्यांत संतांचे अवशेष. उबी हॅरल्ड साक्रामेंतुम फेकित विल्लेल्मो दुकी. हॅरल्डने विल्यमपुढे शपथ घेतली ती इथे. शपथ कसली? ते कापड सांगत नाही. विल्यमचा चरित्रकार, पॉइटिएचा विल्यम, म्हणतो की तुला इंग्लंडची गादी मिळवून द्यायला मदत करीन, अशी. त्याच्या मते ती झाली बोनव्हीलला. कापडावर मात्र ती होते बायोला. ओडोच्या गावात!

[दृश्य: धूमकेतू. बोटं दाखवणारी माणसं.]

जानेवारीत हॅरल्डला राज्याभिषेक. लगेच पुढच्या चौकटीत आकाशात शेपटीचा तारा. हॅलीचा धूमकेतू खरा दिसला तो एप्रिलच्या शेवटी. इथे मधले तीन महिने गिळून टाकलेत. आणि खालच्या किनारीत हॅरल्डच्या पायाखाली बघा, रिकामी, भुतासारखी जहाजं.

[दृश्य: झाडं तोडणं, फळ्या तासणं, चिलखतं दांड्यावर टांगून नेणं.]

जहाजं बांधायला मात्र भरपूर जागा दिलीय. कुऱ्हाडी, तासण्या, गाडीवरचं वाइनचं पिंप. चिलखत एवढं जड, की दोघांनी दांड्यावर टांगून न्यायचं. युद्धाची तयारी कशी होते, हे अकराव्या शतकातलं दुसरं कुठलंही चित्र इतकं दाखवत नाही. उलट २५ सप्टेंबरला हॅरल्डने उत्तरेत स्टॅमफर्ड ब्रिजला जिंकलेली लढाई कापडावर नाहीच. थकलेलं सैन्य घेऊन तो दक्षिणेला धावत आला, हे सांगितलं असतं तर विल्यमचा विजय जरा कमी चमकला असता.

[दृश्य: अक्षरांवर क्लोजअप.]

पण हे अक्षर पाहा. हॅरल्डच्या भावाचं नाव, गिर्थ. शेवटचं अक्षर लॅटिनचं नाही, इंग्रजांचं आहे, पोटात रेघ असलेलं. जिंकणाऱ्याच्या पैशाने, हरलेल्यांच्या सुईने. बहुतेक अभ्यासक हे काम इंग्लंडमध्ये, कँटरबरीच्या परिसरात झालं असं मानतात. इंग्लंडच्या बायकांचा सुईवर हात चांगला बसलाय, अशी दाद खुद्द त्या पॉइटिएच्या विल्यमनेच दिलीय.

[दृश्य: हेस्टिंग्ज. बाण.]

१४ ऑक्टोबर, हेस्टिंग्जची लढाई. इथे राजा हॅरल्ड मारला गेला. पण कोणता? डोळ्याजवळ बाण धरलेला, की शेजारी घोडेस्वाराच्या तलवारीखाली कोसळणारा? १७२९च्या सुमाराच्या एका रेखाचित्रात बाणाला पिसं नाहीत, नुसती रेघ आहे. तो भालाही असू शकेल. एकोणिसाव्या शतकात कापडाची डागडुजी झाली. शाळेच्या पुस्तकातला डोळ्यात घुसलेला बाण सुई-दोऱ्याने नंतर पक्का केलेला असेल, तर नवल नाही.

[दृश्य: खालची किनार. मेलेल्यांची चिलखतं उतरवताना.]

नॉर्मन जिंकले, इंग्रज सरदारांच्या जमिनी गेल्या, उत्तरेत गावंच्या गावं उजाड झाली.

[दृश्य: पळणारे लोक. कापडाचा तुटका शेवट.]

पुढचा तुकडा हरवलाय.

[दृश्य: इंग्लंडमधलं रीडिंग शहर, संग्रहालय. काचेमागची प्रतिकृती.]

हे दुसरं कापड. १८८५-८६ मध्ये इंग्लंडच्या लीक गावात एलिझाबेथ वॉर्डल आणि तिच्या सोबतिणींनी, पस्तीस जणींनी मिळून, मूळ कापडाची हुबेहूब प्रतिकृती भरली. लोकर रंगवली तिचा नवरा थॉमस याने. हिंदुस्थानी टसर रेशमावर रंग कसा चढवायचा, यात त्याने उमेदीची वर्षं घातली होती. हुबेहूब म्हटलं खरं, पण मूळच्या किनारीतल्या उघड्या पुरुषाला इथे चड्डी आहे. ती या बायकांनी घातलेली नाही. समोर नमुना म्हणून जे फोटो होते, त्यांतच कुणीतरी आधी लाज झाकून ठेवली होती.

[क्लोजअप: कापडाची खालची कड.]

आणि प्रत्येकीने आपण भरलेल्या भागाखाली आपलं नाव भरलंय. सुईनेच.

[दृश्य: कॅमेरा नावांवरून सरकत जातो. निवेदन नाही.]