जेवलीस का, आणि टेस्ट कशी गेली?

(दक्षिण फ्लोरिडातल्या आपल्या मंडळाच्या मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

सकाळच्या युवा सत्रात नववीतल्या एका मुलीला कुणीतरी विचारलं, "घरी आईबाबांशी काय बोलतेस?" ती म्हणाली, "ते मला दोनच प्रश्न विचारतात. जेवलीस का, आणि टेस्ट कशी गेली." सभागृह हसलं. ती हसली नाही. मी मायामीतल्या हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या, कुटुंबांसाठीच्या एका कार्यक्रमाबद्दल बोलणार होते. तो विषय त्या मुलीने आपल्याच दारात आणून ठेवला.

कार्यक्रमाचं नाव 'फामिलियास उनिदास', म्हणजे एकत्र आलेली कुटुंबं. मायामी विद्यापीठातले होजे सापोचनिक १९७० च्या दशकापासून क्युबाहून आलेल्या कुटुंबांबरोबर काम करत होते. त्यांच्यासमोर एकच चित्र पुन्हापुन्हा येई. मुलं इंग्रजी आणि इथल्या रीती पटकन उचलतात, आईवडील मागे राहतात. मग बँकेचं पत्र मूलच वाचतं, शाळेची चिठ्ठीही तेच समजावतं, आणि घरातला अधिकार उलटा फिरतो. आई घाबरून बंधनं आवळते, मूल आणखी लांब जातं. सिगारेट, दारू, अंमली पदार्थ, असुरक्षित शरीरसंबंध यांना वाट मिळते ती या दुराव्यातून. पुढे हिल्डा पांतिन, गिएर्मो प्रादो आणि सहकाऱ्यांनी किशोरवयीन मुलांच्या घरांसाठी हा कार्यक्रम उभा केला. तो बिघडलेल्या मुलांसाठी नाही. काही बिघडायच्या आधी करायचं हे काम आहे, आणि त्यात सर्वाधिक वेळ बसायचं असतं ते पालकांनी.

रचना साधी आहे. दहा-बारा पालकांचा गट, दोन-दोन तासांच्या आठ बैठका, आणि मधूनमधून प्रत्येक कुटुंबाबरोबर तासाभराच्या चार भेटी. सगळं मिळून साधारण तीन महिने, आणि सगळं स्पॅनिशमध्ये. बैठकीत व्याख्यान नसतं. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पावलो फ्रेरी यांच्या विचाराला धरून गटापुढे प्रश्न ठेवतात आणि उत्तरं पालकांनीच शोधायची असतात. मुलाच्या घरातल्या जगाबद्दल तुम्हाला काय माहीत आहे? शाळेतल्या? मित्रांच्या? तिसऱ्या प्रश्नाशी गाडी अडते. मग सराव होतो. एक आई मुलगी बनते, दुसरी तिच्याशी व्हेपबद्दल, म्हणजे ई-सिगारेटबद्दल, बोलून दाखवते, बाकीचे ऐकतात आणि कुठे गाडी प्रवचनावर गेली ते सांगतात.

गटात गिरवलेलं कुटुंबभेटीत खरोखर करायचं. इथे भेट घेणाऱ्या मार्गदर्शकाचं कसब लागतं. आई मुलाकडे न बघता मार्गदर्शकालाच सांगू लागते, "हा काही बोलतच नाही बघा." मूलही त्यालाच उत्तर देतं. अशा वेळी मार्गदर्शकाने मध्ये पडायचं नसतं. खुर्च्या समोरासमोर करून "हे त्यालाच सांगा" एवढंच म्हणायचं आणि मागे सरायचं. पालकाने करायचं ते असं: हो-नाही असं उत्तर येणार नाही असा प्रश्न विचारायचा, गप्प राहायचं, ऐकलेलं त्याच्याच शब्दांत परत सांगायचं, आणि मगच घराची अपेक्षा कारणासह मांडायची. सगळ्यात अवघड गप्प राहणं. दहा सेकंदांची शांतता आपल्याला सोसत नाही. आपणच उत्तर देतो, वर आपल्या दहावीचा दाखला देतो. मूल तिथेच मिटतं.

लक्ष ठेवण्याचंही शिक्षण असतं. फोन तपासणं हा त्याचा अर्थ नव्हे. मुलाच्या मित्रांची नावं ठाऊक असणं, त्यांच्या आईवडिलांचा नंबर जवळ असणं, कुठे, कोणाबरोबर, किती वाजता परत, घरी मोठं माणूस कोण, हे रोजच्या बोलण्यात यायला हवं. आपल्या वाड्यात हे काम शेजारच्या काकू न सांगता करायच्या. इथे काकू नाहीत. पालकांचा गट थोडंफार ते जाळं पुन्हा विणतो.

आता तुमच्या मनातला आक्षेप. "आम्हाला इंग्रजी येतं, आमची मुलं आमची पत्रं वाचत नाहीत. आमचा काय संबंध?" या आक्षेपापुढे मला २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास ठेवावासा वाटतो. मायामीतली आठवीतली २६६ हिस्पॅनिक मुलं आणि त्यांचे पालक चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत विभागले. एका गटाला हा कार्यक्रम आणि एचआयव्ही टाळण्याबद्दलचा एक पालक-प्रशिक्षण अभ्यासक्रम मिळाला. बाकी दोन गटांतल्या पालकांना इंग्रजीचे वर्ग, जोडीला एकात तोच एचआयव्हीचा अभ्यासक्रम आणि दुसऱ्यात हृदयाच्या आरोग्याचा. तीन वर्षं पाठपुरावा केला. सिगारेटचं प्रमाण पहिल्या गटात दोन्ही गटांपेक्षा कमी राहिलं. अंमली पदार्थांच्या बाबतीत तो हृदयाच्या गटापेक्षा सरस ठरला, असुरक्षित संबंधांच्या बाबतीत इंग्रजीबरोबर एचआयव्हीचा अभ्यासक्रम मिळालेल्या गटापेक्षा. या फरकाचा काही भाग कुटुंबातलं नातं सुधारल्यामुळे पडला, असं विश्लेषणात दिसलं. इंग्रजीने जे झालं नाही, ते मुलाशी बोलण्याच्या सरावाने झालं. आपल्याला इंग्रजी उत्तम येतं, आणि तरी ती मुलगी सकाळी ते वाक्य बोलली.

बाबांबद्दल बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही. अशा गटांत बहुतेक आयाच येतात. मायामीतही तेच. सापोचनिक आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली १०८ हिस्पॅनिक कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही घरं मुलाच्या व्यसनासाठी मदत मागणारी होती. नेहमीच्या पद्धतीने बोलावलेल्यांपैकी ४२ टक्के उपचारात आली, वेगळ्या पद्धतीने बोलावलेल्यांपैकी ९३ टक्के. वेगळं हे की न येणाऱ्यासाठी घरातल्या दुसऱ्याकडे नुसता निरोप ठेवून थांबले नाहीत. थेट त्यालाच गाठलं, त्याचा राग आणि शंका ऐकल्या, आणि त्याला महत्त्वाचं वाटेल अशा कारणाने बोलावलं. आपल्या मराठी शाळेच्या पालकसभेचा निरोप कोणाच्या फोनवर जातो, ते बघा. ढोल-ताशाच्या सरावाला बाबा वेळेवर येतात, कारण त्यांना थेट फोन जातो.

असा गट आपण मराठीत सुरू करावा असं मला मनापासून वाटतं. जागा आहे, मराठी शाळेच्या वेळेत पालक दोन तास बाहेर गाडीत बसलेलेच असतात. पण एक अडचण मला सुटत नाही. मायामीत हिस्पॅनिक वस्ती प्रचंड आहे, भेटीला येणारं माणूस अनोळखी असतं आणि तीन महिन्यांनी ते आयुष्यातून जातं. आपल्याकडे जो मार्गदर्शक होईल, तो गणपतीत आपल्याच पंगतीत वाढायला असेल. त्याच्यासमोर कुठली मुलगी तोंड उघडेल, आणि कुठली आई उघडू देईल? शेजारच्या मंडळाशी माणसांची अदलाबदल करता येईल, पण तिथेही कोणाची तरी मावसबहीण निघणारच. बिगरमराठी समुपदेशक बोलावली तर घरात आजी असताना बोलायचं कोणत्या भाषेत? कुणाला काही सुचत असेल तर कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीला या. दोघंही या.