बोत्स्वाना : हिऱ्यांवर उभा राहिलेला देश

नमस्कार श्रोतेहो. आफ्रिकेतला खनिजसंपन्न देश म्हटला की यादवी, लुटालूट आणि खुर्चीला चिकटून बसलेला हुकूमशहा हे चित्र आपल्या मनात आधीच तयार असतं. बोत्स्वाना या चित्रात बसत नाही. तो का बसत नाही आणि आज तिथं काय बिनसलंय, हे आज सांगणार आहे.

30 सप्टेंबर 1966 रोजी हा देश ब्रिटिशांच्या ताब्यातून सुटला. त्या वेळी तिथं डांबरी रस्ता होता सगळा मिळून 12 किलोमीटर. बराचसा मुलूख कलहारीच्या वाळवंटाचा, उत्पन्न काय ते गुराढोरांचं. राजधानी गॅबरोनसुद्धा नव्यानं वसवावी लागली, कारण ब्रिटिश इथला कारभार शेजारच्या दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंगहून हाकत असत.

पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे सापडले. आता गंमत बघा. ओरापा हा बांग्वातो जमातीचा मुलूख आणि पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा त्याच जमातीच्या राजघराण्यातले. हिरे आमचे, असं म्हणायला त्यांना कोण अडवणार होतं? पण जमिनीखालचं खनिज जमातीचं नाही, अख्ख्या देशाचं, हे त्यांच्या सरकारनं कायद्यानं ठरवून टाकलं आणि जमातींच्या प्रमुखांकडून मान्यही करून घेतलं. माझ्या मते या देशाचं नशीब खाणीत नव्हे, या कागदावर ठरलं.

खाणी चालवायला डी बिअर्स कंपनी आली. तिच्याशी सरकारनं पुन्हा पुन्हा घासाघीस केली आणि देबस्वाना या कंपनीत निम्मा वाटा मिळवला. 1982 मध्ये ज्वानेंगची खाण सुरू झाली. मूल्याच्या हिशेबानं ती जगातल्या सर्वांत श्रीमंत हिरेखाणींत गणली जाते. चारशे मीटरहून खोल उघडा खड्डा. काठावरून पाहिलं तर तळाशी चाललेले अवाढव्य डंपर खेळण्यातले वाटावेत. त्या पैशातून शाळा, दवाखाने, रस्ते झाले आणि 1994 पासून पुला फंडात, म्हणजे देशाच्या बचतनिधीत, शिल्लकही पडू लागली.

राज्यव्यवस्थेबद्दल थोडक्यात. मतदार खासदार निवडतात. ज्या पक्षाला बहुमत, त्याचा उमेदवार राष्ट्राध्यक्ष. दहा वर्षांपेक्षा जास्त काळ कुणालाही त्या पदावर राहता येत नाही. जमातप्रमुखांचं वेगळं सभागृह आहे, पण ते सल्ला देण्यापुरतं. गावात मात्र ‘खोत्ला’ अजून जिवंत आहे : प्रमुखापुढे उघड्यावर भरणारी बैठक. तिथं मंत्र्यालासुद्धा लोकांचं ऐकून घ्यावं लागतं. सगळं आलबेल आहे असं नाही. मध्य कलहारीतून हुसकावलेल्या सान या तिथल्या आदिवासी लोकांना आपल्याच भूमीवर परतण्यासाठी कोर्टात जावं लागलं. 2006 साली निकाल त्यांच्या बाजूनं लागला.

खरी पंचाईत आहे ती एकाच मालावर विसंबण्याची. निर्यातीतला सुमारे चार पंचमांश वाटा हिऱ्यांचा. खाण पैसा देते, पण रोजगार फार थोड्यांना. तरुणांमध्ये बेकारी मोठी. त्यात कारखान्यात बनलेला हिरा बाजारात उतरला. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही आणि भाव कितीतरी कमी. त्याची झळ आपल्या सुरतेच्या घंट्यांवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकांवर, आणि मुंबईत बीकेसीच्या हिरेबाजारातही बसलीच. पण बोत्स्वानात तर सरकारी तिजोरीच आटली.

मतदारांनी त्याचा हिशेब मतपेटीतून मांडला. स्वातंत्र्यापासून 58 वर्षं सत्तेत असलेला बीडीपी (बोत्स्वाना डेमोक्रॅटिक पार्टी) हा पक्ष ऑक्टोबर 2024 मध्ये चार जागांवर आला. मावळते राष्ट्राध्यक्ष मासिसी यांनी पराभव लगेच मान्य केला आणि दोनच दिवसांत ड्युमा बोको यांचा शपथविधी झाला. दगड नाही, गोळीबार नाही.

बोको व्यवसायानं वकील. हिऱ्यावरचं अवलंबन कमी करू, असं त्यांचं सरकार म्हणतं. पण अँग्लो अमेरिकन कंपनीनं डी बिअर्समधला आपला वाटा विकायला काढला, तेव्हा याच सरकारनं डी बिअर्सचा ताबा मिळवण्याची इच्छा जाहीर केली. आज तिच्यात बोत्स्वानाचा वाटा आहे 15 टक्के. भाव पडलेला असताना दुकानच विकत घ्यायचं, हा जुगार मला तरी धाडसाचा वाटतो.